तंबू टाका, पण चिंचोटीत नको!

लग्नाला दोन वर्षं झालेलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. दोघंही सकाळी विरार लोकल पकडणारे, रात्री नऊला घरी. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे आणि नणंद. निवांत बोलायला जागा कुठली, तर स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता. वसई-विरारमध्ये राहत असाल तर असं जोडपं तुमच्या बिल्डिंगमध्ये नक्की असेल. कदाचित तुमचे दादा-वहिनीच. ते म्हणाले, 'एक रात्र जंगलात तंबू टाकून राहू या,' तर हसू नका. ही चैन नाही, गरज आहे.

प्रश्न एवढाच, की तंबू टाकायचा कुठे? आपल्याकडे पहिलं नाव निघतं चिंचोटीचं. हायवेवरून आत वळायचं, थोडं चालायचं, की ओढा, धबधबा आणि मागे कामणदुर्ग. पण हे जंगल तुंगारेश्वर अभयारण्याचं. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे रान २००३ मध्ये अभयारण्य झालं. इथे बिबट्यांचा वावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही आणि रानाला धोका होईल अशी आग पेटवायला तर मनाईच आहे. म्हणजे रीलमध्ये दिसणारी ती तंबूसमोरची शेकोटी इथे गुन्हा ठरू शकते.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. जुलै २०१८ मध्ये चिंचोटीला पाणी वाढलं, शंभरहून जास्त लोक अडकले आणि एकाचा जीव गेला. वर डोंगरात पाऊस कोसळला की खालचा ओढा बघता बघता फुगतो; तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी. आता कल्पना करा, ओढ्याकाठी तंबू आहे आणि आत दोघं झोपलेत. पावसाळ्यात इथे मनाई आदेश का निघतात, ते वेगळं सांगायला नको.

पण नुसती मनाई पुरत नाही. पाटीला वळसा घालून आत जाणारे कमी नाहीत, कारण शांतता सगळ्यांनाच हवी आहे. म्हणून आमचं म्हणणं असं: अभयारण्याच्या बाहेर, पायथ्याच्या गावाजवळ तंबूंसाठी एक ठरलेली जागा द्या. ओढ्यापासून लांब, संडासाची सोय असलेली, रात्री स्पीकर बंद. ती चालवू दे पाड्यावरच्या मुला-मुलींना. रान त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि चार पैसेही त्यांच्या हातात पडतील.

तोवर काय? मावळात पवना धरणाच्या परिसरात गावकरी आपल्या शेतात तंबू भाड्याने देतात, घरचं जेवणही देतात. फक्त शनिवार टाळा, नाहीतर शेजारच्या तंबूतली गाणी ऐकतच रात्र जाईल. हिवाळ्यातला एखादा मंगळवार धरा, दोघांनी एक रजा टाकली की झालं.

घरातल्यांना फिरायच्या जागांच्या रील्स आपणच पाठवतो ना? मग पुढच्या वेळी दादाला चिंचोटीची रील पाठवताना खाली दोन ओळी नक्की लिहा: पाऊस संपल्यावर, वनखात्याला विचारून, दिवसाच जा. आणि उजेड असेपर्यंत खाली उतरा, रात्र तिथल्या बिबट्यांची आहे.