अर्थिंगची तार

आमच्या गिरगावातल्या शेजारीणबाई मूळच्या वसईच्या. त्यांचे मराठी आमच्या घरातल्यांपेक्षा ठसकेबाज. गेल्या महिन्यात त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅनेजरसाहेब, दोन्ही पोरं भांडतायत. तुम्हीच काय तो निवाडा करा." बँकेतून निवृत्त होऊन वर्षे लोटली तरी वाडीत मी मॅनेजरच आहे. माझ्या कादंबऱ्या इथे कोणी वाचलेल्या नाहीत, याचा हा पुरावा.

भांडण एका पेटीवरून होते. बाईंचे कैलासवासी यजमान गोव्याचे, लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवीत. त्यांचे थोरले बंधू तारवटी. १९६०च्या दशकात बोटीवरून परतताना त्यांनी धाकट्यासाठी व्हॉल्व्हचा अमेरिकन ॲम्प्लिफायर आणला. कंपनीचे नाव घेत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मी लिहिणार आहे तो त्या काळच्या बहुतेक अमेरिकन ॲम्प्लिफायरांत असे. टोरांटोतल्या थोरल्या मुलाचे म्हणणे, पेटीतला एक स्क्रूही हलवायचा नाही. 'ओरिजिनल' असेल तरच तिला किंमत. धाकटा इथे शनिवार-रविवारी गातो-वाजवतो. त्याला पुढच्या पत्र्याला भोक पाडून आवाजाचे आणखी एक बटण बसवायचे होते, म्हणजे कमी आवाजातही यंत्र 'फाटेल'. गणपतीच्या मांडवात आवाज फाटला की आपण माइकवाल्याला शिव्या घालतो. गिटारवाल्यांना मात्र व्हॉल्व्हचा तो फाटका, ऊबदार आवाजच हवा असतो, आणि ट्रान्झिस्टर येऊन इतकी वर्षे झाली तरी त्यासाठी ते ही जड पेटी वाहतात.

मी हो म्हटले, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. एका लग्नात गाता गाता बाईंच्या यजमानांचे ओठ मायक्रोफोनला लागले आणि ते मागे फेकले गेले. वाचले. पण त्यानंतर जन्मभर ते माइकला हातरुमाल गुंडाळून गात. आम्ही त्या रुमालाची थट्टा करीत असू. आज त्याची लाज वाटते.

त्या रुमालामागचे कारण मला आता लॅमिंग्टन रोडवरच्या एका वृद्ध मेकॅनिकने पेटी उघडून दाखविले. त्या यंत्राची वायर दोनच तारांची, अर्थिंगची तार नाहीच. शिवाय विजेच्या एका तारेपासून लोखंडी चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला, गुरगुर कमी व्हावी म्हणून. तो शॉर्ट झाला की चासीत वीज उतरते. चासीतून केबलमार्गे गिटारच्या तारांत. तारांवर वाजवणाऱ्याची बोटे आणि समोर अर्थ केलेल्या माइकवर त्याचे ओठ. अमेरिकेतले कारागीर या भागाला 'डेथ कॅप' म्हणतात. दोष नेहमी ॲम्प्लिफायरचाच असतो असेही नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर मंचावर, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून गेला.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अमेरिकन यंत्र ११० ते १२० व्होल्टचे, म्हणून मध्ये स्टेप-डाउनचा डबा. त्या डब्यातून अर्थिंग पुढे जातेच असे नाही. नवी तीनपिनी वायर लावून निश्चिंत बसलेला माणूस तिथे फसतो.

थोरल्याशी फोनवर बोललो. तो म्हणाला, "काका, वायर बदलली की किंमत उतरते." मी त्याला बँकेच्या भाषेत सांगितले: घराला मजला चढवणे हा भांडवली खर्च, गळके छप्पर दुरुस्त करणे हा महसुली. दुसरा टाळून मालमत्ता वाढत नाही, कर्ज वाढते. आतले मोठे कंडेन्सर काळाने सुकतातच; ते न बदलता यंत्र चालवले तर एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो तर खरोखरच ओरिजिनल आहे.

या शुद्धतेच्या आग्रहाचे मला नवल वाटते. लिओ फेंडर हा गृहस्थ मूळचा माझ्याच जातकुळीचा, हिशेबनीस. मग रेडिओ दुरुस्त करू लागला. गिटार त्याला वाजवता येत नसे. १९५२ साली काढलेला आपला 'बासमन' त्याने वारंवार बदलला. पंधरा इंची एका स्पीकरच्या जागी पुढे दहा इंची चार आणले. तो केला बेससाठी, उचलला गिटारवाल्यांनी. लंडनच्या हॅनवेलमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल, तेही ड्रमवादक, त्यांच्या माणसांनी १९६२च्या सुमारास त्याचाच आराखडा समोर ठेवून पहिला मार्शल ॲम्प्लिफायर बनवला. ही यंत्रे जन्मापासूनच बदलत आली आहेत.

तरी धाकट्याच्या भोकाला माझा विरोधच. डाख वितळवून जोडलेली तार उद्या पुन्हा काढता येते. पत्र्याला पाडलेले भोक बुजत नाही. हवा तो फाटका आवाज पेडलने मिळवावा. तो रुसला, आणि अजून रुसलेलाच आहे.

मेकॅनिकने काम केले ते पाहण्यासारखे. वायर काढलेली असली तरी मोठ्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट दडून राहू शकतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते रिकामे केले आणि मीटरने खात्री करून घेतली. एक हात सतत खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जायला वाट नको. तीनपिनी वायर, अर्थिंग थेट चासीला, तो छोटा कंडेन्सर बाहेर. स्टेप-डाउनच्या डब्यातूनही अर्थिंगची तार पुढे नेली. शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह नवे घातले आणि बायस पुन्हा जुळवला. हे व्हॉल्व्ह आता रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात. रेडिओचे व्हॉल्व्ह कधी काळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवीत असे. काढलेला प्रत्येक भाग त्याने पिशवीत घालून, चिठ्ठीवर तारीख टाकून पेटीतच ठेवला. असे टाचण आमच्या शाखेतही कोणी ठेवत नव्हते.

परवा संध्याकाळी पेटी सुरू केली. तारा तापेपर्यंत सगळे गप्प. मग धाकट्याने यजमानांची बेस गिटार जोडली, माइक पुढे ओढला आणि सवयीने खिशातून रुमाल काढला. बाईंनी तो त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला.