प्रयोगशाळेचे कुलूप

बारावीच्या रसायनशास्त्राचे १०० गुण. पैकी ७० लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. कागदावर ही विभागणी निर्दोष आहे. प्रत्यक्षात मात्र कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत हे ३० गुण न केलेल्या प्रयोगांना दिले जातात. वर्षभर बंद असलेली प्रयोगशाळा परीक्षेच्या तोंडावर उघडते, ब्युरेटवरची धूळ पुसली जाते, एका प्रयोगवहीतील निरीक्षणे दहा वह्यांत उतरतात आणि उदार हस्ते गुण पडतात. याविरुद्ध तक्रार कोणीच करीत नाही. विद्यार्थी संतुष्ट, पालक संतुष्ट, संस्थाचालक तर सर्वांत संतुष्ट! या संतोषाचे अर्थकारण न तपासता शिक्षकांना नीतिपाठ देत बसणे व्यर्थ आहे.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेत रसायनाचे ४५ प्रश्न असतात. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला पुरते मिनिटही येत नाही. दोन्हीकडे चारांतून एक पर्याय निवडायचा, हाताने काही करायचे नाही. अभियांत्रिकीसाठी बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले आहेत. तेव्हा प्रवेशाच्या बाजारात ज्याला भाव नाही ते शिकवणार कोण? एक शिक्षक दोनशे मुलांना एका दिवाणखान्यात पर्याय घोटवून देऊ शकतो. ब्युरेट मात्र एका वेळी एकाच्याच हातात असते. प्रयोगशाळेला जागा लागते, पाणी लागते, रसायने लागतात, वेतनावर नेमलेला सहायक लागतो. खासगी क्लास हा खर्च करीत नाही, कारण त्यात नफा नाही. आणि ज्या महाविद्यालयाने तो करावा, ते त्याच क्लासशी 'इंटिग्रेटेड' करार करून आपले वर्ग त्याच्या हवाली करते. शासनाने २०१८ मध्ये काही विभागांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्राने बोट ओळखले. त्या बोटाने वर्षभरात एकदा तरी परीक्षानळी धरली काय, हे विचारण्याची त्यात सोय नव्हती.

यात गमावले काय? एकच उदाहरण घ्यावे. ऑक्झॅलिक आम्लाच्या तापवलेल्या द्रावणात पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडले की पहिल्या थेंबाचा रंग रेंगाळत जातो. पुढचे थेंब मात्र पाहता पाहता नाहीसे होतात. प्रक्रियेतून निर्माण झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देऊ लागतात. अखेरीस एका थेंबाने फिकट गुलाबी छटा टिकते आणि तेथेच हात थांबवावा लागतो. दहावीपर्यंत 'आम्लारी' व 'संयुजा' मराठीतून शिकलेल्या आणि अकरावीत एकाएकी इंग्रजी पुस्तकापुढे बसवलेल्या मुलाला तर डोळ्यांदेखत घडणारा हा प्रयोग हाच दुभाषी होता. तोही काढून घेतला गेला.

शहरातील सुखवस्तू मुलाचे यात फारसे बिघडत नाही. रसायन ही त्याच्या दृष्टीने संगणक अभियांत्रिकीच्या वाटेवरची जकात आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणचा जो मुलगा पुढे बी.एस्सी. होतो, तो तारापूर, रोहा, महाड किंवा लोटे येथे कंत्राटी कामगार म्हणून रिॲक्टरपाशी उभा राहतो. प्रारंभी संथ वाटणारी प्रक्रिया अकस्मात वेग घेते, हे त्याने एकदाही पाहिलेले नसते. १९८४ मध्ये भोपाळला मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, उष्णता व दाब वाढत गेला आणि हजारो माणसे मेली. डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यांत २०१६ आणि २०२४ मध्ये स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. या अनर्थांचे खापर शाळेवर फोडणे हा मालकवर्गाला सोयीचा युक्तिवाद होईल. जबाबदारी त्यांची आणि कारखाने निरीक्षणाच्या सरकारी यंत्रणेचीच आहे. परंतु तापमापकाचा काटा चढताना पाहून 'हे थांबवा' असे अधिकाराने म्हणू शकणारा कामगार आणि हुकूम येईपर्यंत गप्प राहणारा कामगार यांत जो फरक आहे, त्याची सुरुवात अकरावीच्या टेबलापाशी होते. कामगार संघटनांनी हा प्रश्न शिक्षक संघटनांवर सोपवून मोकळे व्हावे, हे म्हणूनच अनाकलनीय आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा पूर्वीही स्वच्छ नव्हती, असे सांगितले जाते. ते खरे आहे. परीक्षेतल्या क्षाराचे नाव शिपायाकडून आधीच फुटत असे. पण निवडणुकीत बोगस मतदान होते म्हणून कोणी मतदानच रद्द करा असे म्हणत नाही. पडद्यावरच्या चित्रफितीने काम भागते, हा दावाही ज्यांची स्वतःची मुले सुसज्ज प्रयोगशाळेत शिकतात त्यांच्याच तोंडून अधिक ऐकू येतो.

माहितीचा अधिकार २००५ पासून अस्तित्वात आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाकडे एक साधा अर्ज द्यावा. गेल्या वर्षी सल्फ्युरिक आम्ल किती लिटर खरेदी केले, प्रयोगशाळा सहायकाचे पद केव्हापासून रिक्त आहे, आणि प्रात्यक्षिकांच्या किती तुकड्या कोणत्या तारखांना झाल्या? दरवर्षी मुलांना ३० पैकी जवळपास ३० गुण देणाऱ्या संस्थेला ही उत्तरे देणे अवघड जाऊ नये.