पीएच.डी.चा विषय विंचूरच्या खळ्यावर शोधा

आमची मुले आता व्यवसाय व्यवस्थापनात पीएच.डी.ला नाव नोंदवू लागली, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु विषय कोणता? ‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’! जुन्या प्रबंधातले गावाचे नाव बदलले की झाले.

बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर, आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनाचाच प्रश्न मांडला. उपयोजित संशोधन याहून वेगळे काय असते?

येवल्याच्या वाटेवरच्या विंचूरला लासलगाव बाजार समितीचे उपआवार आहे. लिलावातला कांद्याचा भाव रोज छापून येतो. पण खळ्यावर उन्हात कांदा निवडणाऱ्या बाईची मजुरी कोण ठरवतो? भाव चढला तर तिच्या पदरात काय पडते? माथाडी कायदा १९६९ चा. तिची नोंद कुठल्या वहीत आहे? आणि आपल्यातला कुणी व्यापारी म्हणून लिलावात उभा राहू म्हणेल, तर शेतकऱ्याला चुकते करायला रोख भांडवल किती लागेल, ते त्याला कोण देईल?

संशोधनाचा आराखडा लिहिण्याआधी महिनाभर तिथे बसा. तास, वजन, मजुरी रोज टिपा. मार्गदर्शक नाक मुरडतील, मुरडोत. आणि जमलेला हिशेब विद्यापीठात नेण्याआधी त्या बायांना वाचून दाखवा, चुका त्याच काढतील.