सोहळा हवा आणि हरकतही

मुंबईतल्या ओव्हल मैदानाच्या एका अंगाला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको घरांची रांग. मरीन ड्राइव्हसह अशा 94 इमारतींना युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा मानले, त्यामागे नागरी संस्थांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. असे कौतुक हवेच. पण वारसा सफरी काढणाऱ्या संस्थांनीच विकास आराखड्यावर हरकतीही घ्यायला हव्यात. शहर जाणणारी माणसे सोहळ्यापुरतीच जमली, तर नकाशावरचा निर्णय दुसरेच कोणी घेतात. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. नागरिकांनी तो गल्लीनिहाय तपासला, चुका दाखवल्या, कोळीवाडे आणि गावठाणांच्या नोंदींवर आक्षेप घेतले. हरकतींची संख्या हजारोंत गेली आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. नियोजन तज्ज्ञांवर सोडा, असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. चटईक्षेत्राचे गणित तज्ज्ञाला येते, पण आपल्या दारातला रस्ता नकाशावर चुकला आहे हे तिथे राहणाराच सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वारसा जपणे हा दक्षिण मुंबईतल्या सुखवस्तूंचा छंद आहे. त्यात तथ्य आहे, आणि त्याची किंमत गिरणगावाने मोजली. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना मिळायचा होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा हिस्सा आक्रसला. पर्यावरणवादी न्यायालयात गेले, उच्च न्यायालयात जिंकलेही, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगार आणि काही अभ्यासक झगडत होते, तरी ओव्हलला मिळाले तसे प्रेम गिरण्यांच्या चिमण्यांना आणि चाळींना उर्वरित शहराने दिले नाही. म्हणून छंद सोडण्यापेक्षा तो परळ, लालबाग, वरळी कोळीवाड्यापर्यंत न्यावा. तिथल्या बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. उरलेल्या वस्त्यांत सफर आणि आराखड्याचे मराठीतून जाहीर वाचन, दोन्ही एकाच संस्थेने, प्रस्ताव मंजूर होण्याआधी घडवून आणावे.