कृतिपत्रिकेंतील कृति कोठें आहे ?

आमच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेस हल्लीं 'कृतिपत्रिका' असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव वाचून आम्हांस आनंद झाला. आंत पाहिलें तों तो मावळला. वाक्यांतील 'मॉडल ऑक्झिलरी' ओळखा व तिचें कार्य सांगा, ही तेथील एक कृति! विद्यार्थ्यानें 'मस्ट' हा शब्द उचलावा, त्यापुढें 'सक्ती' असें लिहावें आणि गुण पदरांत पाडून घ्यावा. ह्यांत करावयाचें तें काय? जुनें पदच्छेदनच नवा अंगरखा घालून आलें आहे.

'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' हे शब्द दिसावयास चिमुकले. पण परवानगी, सक्ती, सल्ला, शंका, खात्री असा माणसामाणसांतला केवढा तरी व्यवहार त्यांच्या शिरावर असतो. मराठींत हाच व्यवहार आपण विध्यर्थानें, 'पाहिजे'नें, 'लागतें'नें, कधीं नुसत्या 'असेल'नें चालवितों. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर आमच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या ऋणाचा आम्हांस विसर नाहीं. परंतु शब्दास प्रतिशब्द ही वाट येथें हटकून फसते. 'रजा मंजूर करावी' हें मराठींत पराकाष्ठेचें नम्र वाक्य. त्यांतील 'करावी'बद्दल 'शुड' घोकलेला उमेदवार साहेबास लिहितो, 'यू शुड ग्रँट मी लीव्ह', आणि विनंतीचा उपदेश होऊन बसतो! 'उद्यां यायला नको' ही सवलत तो 'यू मस्ट नॉट कम' अशी सांगतो, तेव्हां ऐकणारास वाटतें, आपणांस मज्जावच झाला. व्याकरणाची चूक लोक हंसून सोडून देतात. ही चूक मात्र ते माणसाच्या स्वभावाच्या खातीं मांडतात. मराठी शाळेंतून निघून परप्रांतीं नोकरीस गेलेल्या मुलानें ह्याची किंमत कां मोजावी?

उपाय वर्गांतच आहे. एका कापडी पिशवींत कुलूप घालून तोंड बांधावें. पहिला मुलगा वरून चाचपून म्हणतो, 'इट माइट बी अ स्टोन.' दुसरी मुलगी पिशवी हलविते. आंत कांहीं खुळखुळतें. 'इट कान्ट बी अ स्टोन.' तिसऱ्याच्या बोटांस कडी लागते व तो ओरडतो, 'इट मस्ट बी अ लॉक!' येथें 'मस्ट' म्हणजे सक्ती नव्हे, पुराव्यानें आलेली खात्री, हें त्याच्या बोटांनींच त्याला सांगितलेलें असतें. परवानगीचा धडा ह्याहून सोपा. एक दिवस मास्तरांनीं खिडकी उघडण्याची परवानगी मुलांजवळ मागावी, आणि 'नो, यू मे नॉट' म्हणण्याची मुलांस खरी मुभा असावी. ज्यानें कधीं कोणास परवानगी दिली नाहीं कीं नाकारली नाहीं, त्याच्या तोंडीं 'मे' हा पोपटाचाच शब्द. (कित्येक शिक्षकबंधूंस हा प्रयोग मुलांपेक्षां स्वतःलाच जड जाईल, हें आम्ही जाणून आहों.)

साठ मुलांच्या वर्गांत गोंगाट होईल, असें कोणी म्हणेल. होईल. पण एन्. एस्. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ ह्या काळांत दक्षिण भारतांतील साध्यासुध्या शाळांतच रेल्वेचीं वेळापत्रकें आणि नकाशे मुलांपुढें टाकून, अर्थाचें कोडें सोडवितां सोडवितां भाषा शिकविण्याचा प्रयोग केला. व्याकरणाचा नियोजित पाठ त्यांनीं बाजूस ठेवला. तेवढें मात्र आम्हांस मान्य नाहीं. पिशवी उघडल्यावर तीं तीन वाक्यें फळ्यावर लिहून, त्यांत फरक काय, असें मास्तरांनीं विचारलेंच पाहिजे; नाहीं तर ती नुसती करमणूक. वेळ नाहीं ही सबब तर ऐकूंच नये. सन २००० पासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिलीपासून आहे. दहावीपर्यंत दहा वर्षें हातीं असतात.

मंडळानें एकदां असा प्रश्न घालून पाहावा : शेजाऱ्याच्या घरांत दिवा जळतो आहे, दार बंद आहे, सकाळचें वर्तमानपत्र उंबऱ्यावर तसेंच पडलें आहे; काय झालें असेल तें तीन वाक्यांत लिहा. उत्तरें तपासणें अवघड जाईल खरें, कारण प्रत्येक मुलाचें उत्तर निराळें येईल.