बोटांची नजर

चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी जन्मापासून अधू दृष्टीचे. एका डोळ्याने दिसत नसे, दुसऱ्याने जवळचे तेवढेच दिसे. तरीही १९४६-४७मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र रंगवले. पुढे एका शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली नजरही गेली. मग त्यांनी रंगीत कागद कापून चित्रे रचली, मेणाच्या आकृती घडवल्या. १९७२मध्ये शांतिनिकेतनच्याच कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचे टाइल्सचे भित्तिचित्र उभे राहिले. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला.

अशा कलावंताचे आपण कौतुक करतो, पण ते बहुधा जिद्दीचे असते. कलाकृती मात्र नीट पाहायची राहूनच जाते. १९४१मधल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनेही रंगीत कागद कापायला कात्री हाती घेतली आणि चित्रकलेला नवी भाषा मिळाली. शरीर बदलले, की साधने बदलतात. साधनांबरोबर दृष्टीही बदलते.

हा अंक आजारपण आणि वेगळेपण जगणाऱ्यांच्या निर्मितीचा आहे. वाचकहो, यातली चित्रे आणि शब्द दयेने पाहू नका. आधी कलाकृतीपाशी थांबा, तिच्याशी बोला. आजाराचे नाव नंतर कळले तरी चालेल.