आठ सामन्यांचे मोल

संघ बुडाला, लीग संपली, स्टेडियमही पाडले गेले. तरीही इंडियानापोलिस रेसर्स या अमेरिकी आइस हॉकी संघाच्या जुन्या वस्तूंना संग्राहकांकडून मागणी आहे. १९७४ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये उतरलेला हा व्यावसायिक संघ १५ डिसेंबर १९७८ रोजी, हंगाम अर्धवट टाकून, गुंडाळण्यात आला. १९७५-७६ मध्ये त्याने पूर्व विभागाचे विजेतेपद मिळवले होते. बाजाराला त्याचे फारसे अप्रूप नाही. बाजाराची नजर आहे ती १९७८ मधील अवघ्या आठ सामन्यांवर.

या आठ सामन्यांत सतरा वर्षांचा वेन ग्रेट्झ्की रेसर्सकडून खेळला आणि त्याने तीन गोल केले. पहिला गोल २० ऑक्टोबरला एडमंटन ऑयलर्सविरुद्ध झाला. दोन आठवडे उलटण्यापूर्वीच आर्थिक अडचणीत आलेले मालक नेल्सन स्काल्बानिया यांनी त्याला, अन्य दोघांसह, त्याच एडमंटनला विकले! पुढे महान ठरलेला मार्क मेसियरही या संघातून पाच सामने खेळला. पण त्याची पाटी कोरीच राहिली.

ऑयलर्सच्या पोशाखातील ग्रेट्झ्कीचे १९७९ चे ओ-पी-ची कार्ड २०२० मध्ये १२.९ लाख डॉलरला, तर त्याच दर्जाचे कार्ड २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला विकले गेले. साहजिकच, त्याआधीच्या काळातील रेसर्सची तिकिटे, छायाचित्रे आणि सामन्यांच्या पुस्तिकांकडेही लक्ष वळते. गंमत अशी, की नॅशनल हॉकी लीग ग्रेट्झ्कीच्या ८९४ गोलांमध्ये हे तीन गोल धरतच नाही.

खरी अडचण सत्यतेची आहे. आजचे संघ सामन्यात वापरलेल्या जर्सी स्वतःच्या प्रमाणपत्रासह विकतात. रेसर्सच्या जर्सीला असे प्रमाणपत्र देणार कोण? संघाला वारसच नाही. एडमंटनसह चार संघ १९७९ मध्ये नॅशनल हॉकी लीगमध्ये सामावले गेले. रेसर्स तोवर उरलाच नव्हता. क्रीडापटूंच्या बनावट स्वाक्षऱ्यांचा व्यवसाय किती फोफावू शकतो, हे एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ने यापूर्वीच दाखवले आहे. अशा स्थितीत खरेदीदाराला जुन्या छायाचित्रांशी जर्सीची शिवण, डाग आणि ठिगळे ताडून पाहावी लागतात. रेसर्सचे घर असलेले मार्केट स्क्वेअर अरिना तर जुलै २००१ मध्येच सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले.